स्की-तळाचा पोत व हिमावरील घसरण

हिमावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद पट्टीस ‘स्की’ म्हणतात. तिच्या तळावरील सूक्ष्म खाचा व उंचवटे यांची रचना म्हणजे तळाचा पोत. तळ जितका गुळगुळीत तितकी घसरण सुलभ, हा समज सकृद्दर्शनी पटण्याजोगा असला, तरी हिमाच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. तळाचा पोत हिमातील पाण्याच्या प्रमाणाशी जुळला, तरच घर्षण कमीत कमी होते.

पोताचा उपयोग शास्त्रीय उपपत्तीच्या फार पूर्वीपासून माहीत होता. स्वीडनमधील काल्व्ट्रेस्क येथे १९२४ मध्ये सापडलेली स्की सु. ५,००० वर्षांपूर्वीची आहे. मध्य आशियातील अल्ताई पर्वतप्रदेशात स्कीच्या तळावर घोड्याचे कातडे केसांचा कल मागील बाजूस राहील असे बसवितात. पुढे जाताना केस दबून राहतात. चढावर स्की मागे सरकू लागताच ते उभे राहून हिमात रुततात. स्कँडिनेव्हियात लाकडी तळात पाइन वृक्षाचे डांबर मुरवीत व स्की सरळ चालावी म्हणून मधोमध लांब खाच कोरीत.

घसरण सुलभ का होते, याचे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकात दाबाच्या आधारे देण्यात आले. जॉन जोली यांनी १८८६ मध्ये असे सुचविले की, स्केटच्या धारेखालील दाबाने बर्फ वितळतो व ते पाणी वंगणाचे कार्य करते. तथापि एक वातावरण दाब वाढल्यास बर्फाचा वितळबिंदू जेमतेम ०·००७५° से. ने उतरतो. रुंद स्कीखालील अल्प दाबास हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. एफ. पी. बोडेन व टी. पी. ह्यूझ यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात घर्षणजन्य उष्णतेमुळे पाण्याचा पातळ थर निर्माण होतो, असे प्रतिपादन केले. उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या तळाचे घर्षण एबोनाइटाच्या तळापेक्षा अधिक आढळले, ही गोष्ट त्यास पोषक ठरली. कडक थंडीत हा थर पुरेसा बनत नाही व हिम वाळूसारखे भासते. दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला १९१२ मध्ये याचा दारुण अनुभव आला. घसरगाड्या ओढणे दुष्कर होऊन त्यांची दैनंदिन मजल घटली. अन्न व इंधन यांच्या टंचाईत ही दिरंगाई त्यांच्या मृत्यूच्या कारणांपैकी एक ठरली.

पाणी अत्यल्प असेल, तर हिमस्फटिकांचा तळाशी प्रत्यक्ष संपर्क होतो. म्हणून थंड, कोरड्या हिमासाठी बारीक व उथळ पोत योग्य ठरतो. ०° से. च्या आसपास उलट परिस्थिती असते. पाणी विपुल होऊन गुळगुळीत तळाखाली सलग थर पसरतो व केशाकर्षणामुळे स्कीला मागे खेचणारे चूषण उत्पन्न होते. लाखांदूर (जि. भंडारा) परिसरातील चिखलणी केलेल्या धानाच्या बांधीत रोवणीच्या वेळी पाय उचलण्यास जोर लागतो, कारण पायाखाली हवा सहज शिरत नाही. चिखल व हिम यांचे गुणधर्म भिन्न असले, तरी चूषणाची कल्पना येण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे. ओल्या हिमासाठी तळावर रुंद व खोल खाचा पाडतात. त्यांमुळे पाण्याचा थर खंडित होतो, जादा पाण्यास वाट मिळते व हवेचा शिरकाव होतो.

१९५५ मध्ये ऑस्ट्रियात पॉलिएथिलिनाचा तळ प्रचारात आला. १९७४ च्या फालुन येथील जागतिक स्पर्धेत ३० किमी. शर्यत टॉमस मॅग्नसन यांनी काचतंतूंच्या स्कीवर जिंकली, तेव्हापासून लांब पल्ल्याच्या शर्यतींतून लाकडी स्की झपाट्याने मागे पडल्या. प्लॅस्टिकच्या तळावर पोत उमटविण्यासाठी फिरत्या घर्षणशिळेचा उपयोग करतात. हिऱ्याच्या टोकाने प्रथम शिळेवर खाचा पाडतात व स्की तिच्यावरून सरकविली म्हणजे तोच नमुना तळावर उमटतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लुओरिनयुक्त मेणांनी पाणी दूर सारण्याचे बरेचसे कार्य स्वतःकडे घेतले. तथापि त्यांतील संयुगे निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात व मेण वितळविताना निघणारा धूर कामगारांच्या आरोग्यास अपायकारक असतो. म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या स्पर्धांत त्यांवर बंदी घातली. साहजिकच पोताचे महत्त्व पुन्हा वाढले. मात्र सर्व प्रकारच्या हिमास चालेल असा एकच पोत नाही. वसंत ऋतूत सकाळी गोठलेले कठीण हिम दुपारी पाणथळ होते व सकाळी उत्तम ठरलेली स्की त्याच उतारावर अडखळते. त्यामुळे मापनसाधने उपलब्ध असूनही शर्यतीपूर्वी त्याच हिमावर निरनिराळ्या स्की चालवून निवड करण्याची जुनी पद्धत टिकून आहे.