'सुरू झालं' की 'दिसू लागलं'? धर्मशिक्षणाचा टपालापासून झूमपर्यंतचा प्रवास



"संशोधनाचा प्रश्न मध्येच बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज माझ्याच कामातलं उदाहरण सांगते. त्यातली चूकही माझीच आहे.

मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी.नंतर शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले. माझा विषय आहे अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींचं धर्मशिक्षण. मंडळी म्हणजे एका चर्चशी जोडलेला सभासदांचा समूह. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन प्रवाह १९६१ मध्ये एकत्र आले. आपल्याला हे नाव अगदीच परकं नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते ब्रिटनमधल्या युनिटेरियन लोकांच्या शिष्यवृत्तीवरच. या पंथात सभासदांवर ठरावीक श्रद्धावाक्यं बंधनकारक नसतात. त्यामुळे पाठांतर करून घेण्यासारखं फार काही नसतं आणि शिकणं लहानपणी संपत नाही. मुलं, किशोर, पालक, वृद्ध अशा सगळ्यांसाठी वर्षभर कार्यक्रम चालतात.

करोनाकाळातले हे कार्यक्रम मला अभ्यासायचे होते. पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं: "२०२० मध्ये दूरस्थ धर्मशिक्षण सुरू झालं." गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "सुरू झालं, की तुला दिसू लागलं?"

त्या एका प्रश्नाने माझे पुढचे चार महिने खाल्ले.

टपालातून येणारं चर्च

मागे जात गेले तेव्हा पहिल्यांदा भेटल्या सॅली एलिस. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या या बाई. तब्येत नाजूक, ऐकायलाही कमी यायचं. व्यासपीठावर उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दूरदूरच्या अनोळखी लोकांना धार्मिक पत्रिका पाठवायला आणि त्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. याच कामाला पुढे 'पोस्ट ऑफिस मिशन' म्हणून ओळख मिळाली.

त्याच दशकात आपल्याकडे, खासी-जैंतिया डोंगरात, हज्जोम किस्सोर सिंग हा तरुण मिशनऱ्यांनी शिकवलेल्या कॅल्व्हिन पंथी विचारांशी झगडत होता. कलकत्त्यातले अमेरिकन युनिटेरियन मिशनरी चार्ल्स डॉल यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार झाला. पुस्तकं आली. १८ सप्टेंबर १८८७ रोजी जोवाईमध्ये त्याने पहिली उपासना घेतली. ती मंडळी आजही मेघालयात आहे.

१९४४ मध्ये तर अमेरिकन युनिटेरियन असोसिएशनने टपालावर चालणारी एक अख्खी मंडळीच काढली: 'चर्च ऑफ द लार्जर फेलोशिप'. ज्यांच्या गावात या पंथाचं चर्च नाही, त्यांच्यासाठी. पुढे कारागृहातले कैदीही तिचे सभासद झाले. त्यांच्याशी आजही पत्रांतून संवाद चालतो.

म्हणजे माझं वाक्य सरळसरळ चुकीचं होतं. पण थांबा, उलटं वाक्यही बरोबर ठरत नाही. "२०२० मध्ये नवीन काहीच घडलं नाही" असं म्हणता येत नाही.

मग २०२० मध्ये तुटलं काय?

मे २०२० मध्ये युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट असोसिएशनने मंडळ्यांना सल्ला दिला की पुढचं साधारण वर्षभर प्रत्यक्ष न भेटता काम चालवायची तयारी ठेवा. प्रॉव्हिडन्स शहरात ठरलेलं त्या जूनचं वार्षिक अधिवेशनही पूर्ण ऑनलाइन झालं. अभ्यासक्रमांची फारशी अडचण नव्हती. सर्व वयोगटांसाठीची 'टॅपेस्ट्री ऑफ फेथ' ही मालिका आधीपासूनच इंटरनेटवर मोफत होती.

अडचण वेगळी होती. अनेक मंडळ्यांत रविवारी सगळे एकत्र बसतात, सर्व वयांसाठी एक गोष्ट सांगितली जाते आणि मग मुलं आपापल्या वर्गात जातात. मराठी ख्रिस्ती घरांत जिला शब्बाथशाळा म्हणतात, तसाच हा प्रकार. या वर्गांवर सोफिया फाह्ज यांची मोठी छाप आहे. १९३७ पासून त्यांनी मुलांच्या अभ्यास-साहित्याचं संपादन केलं. त्यांचा आग्रह असा की मुलाचा स्वतःचा अनुभव आधी, शिकवण नंतर. हाताळायचं, बघायचं, विचारायचं.

आता हे झूमच्या चौकटीत कसं बसवणार? दिवसभर ऑनलाइन शाळा करून मूल आधीच कंटाळलेलं. म्हणून काही ठिकाणी शिक्षकांनी साहित्याची पाकिटं घरोघर पोचवली. उपासनेच्या सुरुवातीला पेटवायची ज्योत कुटुंबांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटवली. वर्गाचं दार गेलं, मूल आईबापांशेजारीच बसलं. मात्र शेजारच्या आजींशी होणारी ओळख, जिन्यातल्या गप्पा आणि नकळत होणारं शिक्षण हे सगळं थांबलं.

इथे माझा प्रश्न बदलला. १८८० च्या दशकात आणि १९४४ मध्ये जो दूर होता त्याला जवळ आणायचं होतं. २०२० मध्ये जे जवळ होते तेच दूर झाले. दोन्हींना आपण 'दूरस्थ' म्हणतो, पण प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या बाटल्यांवर एकच लेबल चिकटवलं आहे. आणि आधीपासून घरात अडकलेल्या आजारी वृद्धांना मात्र या काळात पहिल्यांदाच इतरांच्या बरोबरीने 'हजर' राहता आलं. सभागृह उघडल्यावर कॅमेरा बंद करायचा की चालू ठेवायचा, हा वाद म्हणूनच नुसता तांत्रिक नव्हता. कॅमेरा बंद केला की ती माणसं पुन्हा बाहेर राहणार होती.

वेळापत्रक कशाचा पुरावा?

दुसरी चूक पुराव्याची. मी वार्तापत्रांमधली वेळापत्रकं गोळा केली: अमुक वाजता बालवर्ग, तमुक वाजता प्रौढांचा चर्चागट. छान तक्ता तयार झाला! पण वेळापत्रक फक्त काय ठरवलं होतं ते सांगतं. किती मुलं आली, कुणी कॅमेरा बंद ठेवला, कुणाकडे लॅपटॉपच नव्हता, हे त्यात नसतं. कैद्याचं पत्र किंवा शिक्षकाची 'या आठवड्यात दोनच मुलं होती' अशी नोंद मिळाली, तर ती दहा वेळापत्रकांपेक्षा जास्त बोलते. विज्ञानात आपण कृती आणि निरीक्षण वहीत वेगवेगळं लिहितो ना? इथेही तेच करा.

तुमच्यासाठी गृहपाठ

आपला सिनॉप्सिस काढा. त्यात 'सुरू झालं', 'पहिल्यांदाच', 'अभूतपूर्व' हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे लिहा: कुणासाठी? कैद्यासाठी, आजारी बाईसाठी, डोंगरातल्या तरुणासाठीही तेच खरं आहे का? उत्तर 'नाही' आलं तर घाबरू नका. माझा प्रबंध तिथूनच खरा सुरू झाला.

पुढच्या वेळी बोलू मौखिक मुलाखती आणि परवानगीपत्रांबद्दल. तोवर वाक्यं तपासत राहा!