मुंबई प्रवासी आरक्षण केंद्र

मुंबई प्रवासी आरक्षण केंद्र हे भारतीय रेल्वेच्या संगणकीकृत प्रवासी आरक्षण प्रणालीच्या पाच प्रादेशिक केंद्रांपैकी एक आहे. दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही उर्वरित चार केंद्रे होत. प्रत्येक केंद्रातील मध्यम श्रेणीच्या सर्व्हरवर ठरावीक गाड्यांच्या जागांचा डेटाबेस असतो. आरक्षण खिडक्या, संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप आणि चौकशी सेवा ही दूरस्थ उपयोजने या डेटाबेसशी जोडलेली असतात. एकच शायिका दोन प्रवाशांना दिली जाऊ नये, ही या जोडणीची मूलभूत अट आहे.

इतिहास

संगणकीकरणापूर्वी आरक्षणाच्या नोंदी हाताने वहीत केल्या जात. १९८५ साली सीएमसी लिमिटेड या तत्कालीन सरकारी कंपनीने तयार केलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली नवी दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईसह इतर महानगरांत पोहोचली. १९८६ साली रेल्वे माहिती प्रणाली केंद्राची, म्हणजेच ‘क्रिस’ची स्थापना झाली. सुरुवातीला प्रत्येक केंद्र स्वतंत्र होते. मुंबईच्या खिडकीवरील संगणकाला मुंबईचाच डेटाबेस दिसत असल्याने दुसऱ्या केंद्राच्या गाडीचे परतीचे आरक्षण मिळवणे कठीण होते.

‘क्रिस’ने विकसित केलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ साली सिकंदराबाद येथे प्रथम कार्यान्वित झाली. एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून तिकीटविक्री सुरू झाली.

रचना

‘इम्प्रेस’ मुख्यतः फोर्ट्रान भाषेत, तर ‘कॉन्सर्ट’ सी भाषेत लिहिलेली आहे. ही प्रणाली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांवर आणि नंतर त्यांच्या पुढील पिढ्यांच्या सर्व्हरवर ओपनव्हीएमएस या कार्यप्रणालीखाली चालवली गेली.

दूरचे उपयोजन जागांच्या नोंदींना थेट हात लावत नाही. ते आपली विनंती ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ या मध्यस्थ सॉफ्टवेअरकडे सोपवते. हा मध्यस्थ गाडी कोणत्या केंद्राची आहे हे पाहून विनंती तेथील सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर संबंधित नोंद क्षणभर राखून ठेवतो, शायिका देतो आणि उत्तर परत पाठवतो. व्यवहार पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. अर्धवट नोंद राहू दिली जात नाही. त्यामुळे असंख्य खिडक्यांवरून एकाच वेळी मागणी आली, तरी एक शायिका एकदाच विकली जाते.

उदाहरणार्थ, अँटॉप हिल येथील प्रवाशाने मोबाइलवरून हावड्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीचे तिकीट मागितल्यास विनंती कोलकाता केंद्राकडे जाते. त्याच प्रवाशाने मुंबईहून सुटणारी गाडी निवडल्यास तिचे उत्तर मुंबई केंद्र देते. प्रवासी कोठे आहे यापेक्षा गाडीची नोंद कोठे आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. दहा अंकी पीएनआर क्रमांकातही हे दिसते: मुंबई केंद्राचे क्रमांक सर्वसाधारणपणे ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतात.

मर्यादा

देखभालीसाठी मुंबई केंद्र रात्री काही तास बंद ठेवले जाते, तेव्हा तेथील गाड्यांचे आरक्षण देशात कोठूनही करता येत नाही. म्हणूनच रेल्वे अशा बंदची पूर्वसूचना प्रसिद्ध करते.

दुसरी अडचण पैशांच्या देवाणघेवाणीची आहे. बँकेचा डेटाबेस आणि जागांचा डेटाबेस या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. खात्यातून रक्कम वळती झाल्यावर पुढील संपर्क तुटल्यास पैसे जातात, परंतु तिकीट निघत नाही. अशी रक्कम नंतर दोन्हीकडील नोंदी ताडून परत केली जाते. तोवर प्रवाशाला थांबावे लागते आणि दरम्यान हवी असलेली शायिका दुसऱ्याला मिळू शकते.

२८ एप्रिल २०१४ रोजी आयआरसीटीसीने नवी ई-तिकीट प्रणाली सुरू केली. तिच्यामुळे संकेतस्थळाची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० तिकिटांपर्यंत वाढली. मात्र क्षमता वाढल्याने विनंत्या अधिक वेगाने पोहोचतात. गाडीतील शायिकांची संख्या तेवढीच राहते. सकाळी १० वाजता वातानुकूलित आणि ११ वाजता बिगर-वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण खुले होताच जागा संपतात, त्यामागे हेही एक कारण आहे.