दैनिक छायाचित्र उपक्रम

दैनिक छायाचित्र उपक्रम म्हणजे ठरावीक काळ, बहुधा एक वर्ष, दररोज एक छायाचित्र टिपून ते दिनांकानुसार जतन करण्याचा हौशी छायाचित्रकारांचा परिपाठ होय. वर्षाच्या दिवसांवरून त्याला 'प्रोजेक्ट ३६५' असेही म्हणतात; लीप वर्षात छायाचित्रांची संख्या ३६६ होते. फिल्मच्या काळात हा उपक्रम प्रामुख्याने एकेकट्या व्यक्तींनी केला. डिजिटल कॅमेरा आणि आंतरजाल यांच्या प्रसारानंतर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याला सामूहिक रूप आले. त्या दिवशीचे चित्र इतरांसमोर ठेवणे आणि इतरांच्या चित्रांवर अभिप्राय देणे हा त्याचा अविभाज्य भाग बनला. हा उपक्रम एकाच वेळी छायाचित्रणाचा सराव आणि चित्रमय रोजनिशी आहे.

स्वरूप

उपक्रमाचे नियम थोडे आहेत. दररोज एकच चित्र निवडायचे आणि ते त्याच दिवशी टिपलेले असावे, हा मूळ नियम होय. दिवसभरात कितीही चित्रे काढली तरी त्यांतील एकच ठेवायचे असल्यामुळे निवड करणे हाही सरावाचा भाग ठरतो. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, शटरचा वेग, ॲपर्चर आणि आयएसओ यांची नोंद 'एक्झिफ' या स्वरूपात साठवतो. त्यामुळे चित्र कधी व कसे टिपले गेले, हे सदस्यांना नंतरही पाहता येते.

कॅमेरा कोणता असावा यावर सहसा बंधन नसते. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यापासून मोबाइल फोनपर्यंत कोणतेही साधन चालते. रोज चित्र टिपणे शक्य नसलेल्यांसाठी आठवड्याला एक याप्रमाणे ५२ चित्रांचा उपक्रम असतो. काही जण महिन्यापुरताच संकल्प करतात, तर काही जण वर्षभर एकच विषय घेतात, उदा. घराच्या खिडकीतून दिसणारे झाड, एकच चौक किंवा स्वतःचा चेहरा. अनेक गटांत रोजचा वा आठवड्याचा विषय दिला जातो, जसे सावली, पिवळा रंग, प्रतिबिंब, हात. दिवस चुकल्यास काय करावे याबाबत एकमत नाही. काही जण पहिल्यापासून मोजणी सुरू करतात, काही जण ती जागा रिकामी ठेवून पुढे जातात.

पूर्वपीठिका

हौशी छायाचित्रकारांनी एकत्र येऊन परस्परांचे काम पाहण्याची प्रथा छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणता येईल. लंडनमध्ये १८५३ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था सुरू झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते.

त्या काळी रोज एक चित्र टिपणे ही सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. ओल्या कोलोडियन प्रक्रियेत काचेवर रासायनिक लेप देऊन तो वाळण्यापूर्वीच चित्र टिपावे आणि धुवावे लागे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये बाजारात आणलेल्या 'कोडॅक' कॅमेऱ्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपल्यावर कॅमेराच कारखान्यात पाठवला जाई आणि छापील चित्रांसह परत येई. १९०० मध्ये आलेल्या 'ब्राउनी' कॅमेऱ्याची किंमत अवघी एक डॉलर होती. या दोन साधनांमुळे रसायनांचे ज्ञान नसलेली माणसे छायाचित्रे काढू लागली.

ब्रिटनमध्ये टपालाने फिरणाऱ्या चित्रसंचांचे मंडळ ही पद्धतही रूढ झाली. एका पेटीत सदस्यांच्या छापील चित्रांचा संच ठेवून ती क्रमाने एकेकाच्या घरी पाठवली जाई. प्रत्येक सदस्य इतरांच्या चित्रांवर लेखी मत देई आणि पेटी पुढे धाडी. आपल्या चित्राविषयी कोणी काय म्हटले आहे, हे कळायला बराच काळ लागे. मात्र मत देणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष चित्र असे आणि ते निवांत पाहण्यास त्याला वेळ मिळे. आजच्या आंतरजालीय अभिप्रायाशी या पद्धतीचे निकटचे साम्य आहे.

फिल्मच्या काळातील दैनिक छायाचित्रे

या उपक्रमाचे सर्वांत परिचित उदाहरण न्यूयॉर्कमधील जेमी लिव्हिंग्स्टन यांचे आहे. त्यांनी ३१ मार्च १९७९ पासून दररोज एक पोलरॉइड चित्र टिपण्यास सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, कर्करोगाने निधन होईपर्यंत हा क्रम चालू ठेवला. सहा हजारांहून अधिक चित्रांच्या या संग्रहात मित्रमंडळी, जेवणाची ताटे, रस्ते, रंगलेले सामने अशा साध्या गोष्टी आहेत. अखेरच्या भागात आजारपण, रुग्णालय आणि विवाहाचे प्रसंग येतात. एकेकटे पाहिल्यास ही चित्रे सामान्य वाटतात. क्रमाने पाहिल्यास ती एका आयुष्याचा आलेख बनतात. त्यांच्या मित्रांनी हा संग्रह जपला, २००७ मध्ये बार्ड महाविद्यालयात त्याचे प्रदर्शन मांडले आणि तो आंतरजालावरही ठेवला.

अमेरिकी छायाचित्रकार कार्ल बॅडन यांनी २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचे चित्र टिपण्यास प्रारंभ केला. नोआ कलिना यांनी ११ जानेवारी २००० पासून असाच उपक्रम हाती घेतला. त्या चित्रांपासून त्यांनी बनवलेली चित्रफीत २००६ मध्ये यूट्यूबवर प्रसिद्ध झाली व जगभर पाहिली गेली. १९९५ च्या 'स्मोक' या चित्रपटातील दुकानदार रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकाच कोपऱ्याचे छायाचित्र काढतो. या कल्पनेचे ते ललित रूप होय.

आंतरजालावरील प्रसार

फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या 'फ्लिकर' या संकेतस्थळाने चित्रांना विषयदर्शक खुणा जोडणे, गट बनवणे आणि चित्राखाली अभिप्राय लिहिणे या सोयी एकत्र दिल्या. तेथे दैनिक छायाचित्रांचे अनेक गट निर्माण झाले. एडिनबरा येथे उदयास आलेल्या 'ब्लिपफोटो' या संकेतस्थळाची तर रचनाच दिवसाला एक चित्र या नियमावर आधारलेली आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या 'इन्स्टाग्राम'मुळे मोबाइलवर चित्र टिपून तत्काळ प्रसिद्ध करणे सोपे झाले. फिल्मचा व छपाईचा खर्च उरला नाही, तसेच चित्र टिपणे आणि ते दाखवणे यांमधील अंतर काही क्षणांवर आले.

अभिप्रायाची पद्धत

दैनिक उपक्रमांतील अभिप्राय सामान्यतः सौम्य आणि प्रोत्साहनपर असतो. स्पर्धेतील परीक्षक एका चित्राला गुण देतो. येथे तीच माणसे एकमेकांची चित्रे महिनोन्महिने पाहत असल्यामुळे अभिप्राय एका चित्रापेक्षा प्रगतीविषयी अधिक असतो. एखाद्याने मागील महिन्यात टिपलेल्या त्याच रस्त्याच्या चित्राशी आजच्या चित्राची तुलना केली जाते. चित्र न आल्यास विचारपूस होते. दैनंदिन चित्रांतून परस्परांची घरे, ऋतू, सण, आजारपणे परिचयाची होतात आणि कधीही न भेटलेल्या लोकांमध्ये स्नेह जुळतो.

उपयुक्त अभिप्राय विशिष्ट असतो. 'सुंदर' या शब्दापेक्षा 'डावीकडील पांढरी भिंत नजर खेचून घेते; ती वगळली असती तर चेहरा अधिक उठून दिसला असता' हे वाक्य छायाचित्रकाराला अधिक शिकवते. तिरपे क्षितिज, डोक्यामागून उगवल्यासारखा दिसणारा खांब, करपलेला प्रकाशमान भाग, चुकीच्या ठिकाणी साधलेला फोकस या गोष्टी नवशिक्याला स्वतःच्या चित्रात सहसा दिसत नाहीत, कारण त्याला तो प्रसंग आठवत असतो. पाहणाऱ्यासमोर केवळ चौकट असते. अनेक गटांत आधी चित्रातील जमलेली बाजू सांगून मग एखादी सुधारणा सुचवण्याचा संकेत पाळला जातो. काही ठिकाणी ज्यांना चिकित्सा हवी असेल त्यांनी तसे नमूद करावे, अशी प्रथा आहे.

सरावाचे परिणाम

सुरुवातीच्या आठवड्यांत विषय सहज सापडतात. पुढे घर, कार्यालय आणि त्यांमधला रस्ता एवढ्यातच नवे काही शोधावे लागते. या टप्प्यावर अनेकांचा उपक्रम खंडित होतो. जे टिकतात त्यांचे लक्ष वस्तूकडून प्रकाशाकडे वळते: तीच कपबशी सकाळच्या तिरप्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्याखाली निराळी दिसते. संध्याकाळी उशिरा चित्र काढावे लागल्याने कमी प्रकाशात शटरचा वेग आणि आयएसओ यांचा मेळ घालण्याचा सराव होतो. रोज नवे चित्र द्यायचे असल्यामुळे सदोष चित्रही स्वीकारावे लागते आणि चुकण्याची भीती कमी होते.

टीका आणि मर्यादा

परस्परांची स्तुती करण्याची अलिखित देवाणघेवाण हा अशा गटांवरील प्रमुख आक्षेप आहे. आपल्या चित्राखाली शब्द यावेत म्हणून इतरांच्या चित्रांखाली शब्द टाकले गेल्यास अभिप्रायाचे मोल उरत नाही. पसंतीच्या आकड्यांमुळे सूर्यास्त, फुले, पाळीव प्राणी अशा हमखास आवडणाऱ्या विषयांकडे कल वाढतो. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये हे आकडे लपवण्याचा पर्याय वापरकर्त्यांना दिला. दुसरीकडे, केवळ कठोर चिकित्सा होणाऱ्या गटांत नवशिके टिकत नाहीत.

खासगीपणाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. रोजच्या चित्रांतून राहते ठिकाण, येण्याजाण्याच्या वेळा, मुलांची शाळा यांचा माग लागू शकतो. मोबाइलने चित्रात साठवलेली स्थाननोंद प्रसिद्धीपूर्वी काढून टाकता येते. अनोळखी व्यक्तींची, विशेषतः लहान मुलांची, चित्रे संमतीविना प्रसिद्ध करण्याबाबत अनेक गटांचे स्वतंत्र नियम असतात.

जतन

दैनिक छायाचित्रांचे मूल्य त्यांच्या अखंड क्रमात असल्यामुळे त्यांचे जतन हा या उपक्रमातील कळीचा मुद्दा आहे. संकेतस्थळाची मालकी वा धोरण बदलल्यास वर्षानुवर्षांचा संग्रह धोक्यात येतो. एप्रिल २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीने फ्लिकर विकत घेतल्यानंतर विनामूल्य खात्यांवर १,००० चित्रांची मर्यादा घालण्यात आली. मुक्त परवान्याखालील चित्रे मात्र काढून टाकण्यातून वगळण्यात आली. ब्लिपफोटो चालवणारी कंपनी २०१५ मध्ये अवसायनात निघाली, तेव्हा सदस्यांनी निधी उभारला आणि पुढे संकेतस्थळाची मालकी समुदायहितासाठी स्थापलेल्या कंपनीकडे गेली. संग्रह वाचवण्यासाठी वापरकर्तेच पुढे आल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

या कारणांमुळे मूळ चित्रांची प्रत स्वतःजवळ ठेवणे, दिनांक व नोंदीही सोबत साठवणे आणि निवडक चित्रे छापून घेणे इष्ट मानले जाते. लिव्हिंग्स्टन यांची चित्रे कागदावर होती आणि ती सांभाळणारे मित्र होते, म्हणूनच ती त्यांच्यामागे उरली. चित्राखालील अभिप्राय मात्र संकेतस्थळाबरोबरच नाहीसे होतात. ते वेगळे उतरवून ठेवले नाहीत, तर रोजनिशीतील चित्रे राहतात आणि ती पाहणाऱ्यांचे शब्द हरवतात.