आठपैकी सात राखीव खेळाडू फॉरवर्ड घेऊन वर्ल्ड कप जिंकणारा रासी एरास्मस

२८ ऑक्टोबर २०२३. पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स मैदान, रग्बी वर्ल्ड कपची फायनल आणि समोर न्यूझीलंड. साऊथ आफ्रिकेच्या बाकावर ८ राखीव खेळाडू होते. त्यातले ७ फॉरवर्ड होते, बॅक फक्त एक.

रग्बी बघत नसाल तर यात विशेष काय, असं वाटेल. १५ जणांच्या टीममध्ये ८ फॉरवर्ड म्हणजे स्क्रममध्ये डोकं घालून रेटारेटी करणारे दांडगे गडी आणि ७ बॅक म्हणजे पळणारे. बाकावर सहसा ५ फॉरवर्ड आणि ३ बॅक असतात. एकच बॅक ठेवला आणि मैदानातले दोघे जखमी झाले, तर बोंबच.

हा जुगार ज्याच्या डोक्यातून आला, तो रासी एरास्मस. जन्म १९७२ चा, साऊथ आफ्रिकेतल्या डिस्पॅच या छोट्या गावातला. फ्लँकर म्हणून १९९७ ते २००१ या काळात तो देशासाठी ३६ टेस्ट खेळला. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या टीममध्येही तो होता. प्लेअर म्हणून चांगलाच, पण त्याची खरी ओळख पुढे झाली.

खेळणं थांबल्यावर तो ब्लूमफाँटेनला फ्री स्टेटचा कोच झाला. तिथे हा माणूस स्टेडियमच्या छतावरून रंगीत दिवे दाखवून खेळाडूंना इशारे द्यायचा! लोक हसले असतील, पण २००५ ची करी कप स्पर्धा त्याच्याच टीमने जिंकली. पुढे आयर्लंडच्या मन्स्टरमध्ये काम करून तो मायदेशी परतला.

२०१८ मध्ये तो नॅशनल कोच झाला तेव्हा टीमची अवस्था वाईट होती. आदल्याच वर्षी न्यूझीलंडने ५७-० ने धुतलं होतं. एरास्मसने सिया कोलिसीला कॅप्टन केलं. झ्विडे या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेला कोलिसी साऊथ आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय टेस्ट कॅप्टन ठरला. देशाच्या पहिल्या टेस्टनंतर तब्बल १२७ वर्षांनी! वर्णद्वेषाच्या काळात रग्बी हा गोऱ्या सत्तेचा खेळ मानला जायचा, त्यामुळे गोष्ट साधी नव्हती. एरास्मसच्या लेखी हा खेळापुरता निर्णय होता. त्याचं भावनिक ओझं कोलिसीवर किती येईल, याचा अंदाज आपल्याला आला नाही, हे त्याने नंतर मान्य केलं.

२०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने बाकावर ६ फॉरवर्ड ठेवले. त्यांचं नाव पडलं ‘बॉम्ब स्क्वॉड’. हिशोब सोपा होता. सेकंड हाफमध्ये समोरचे दमले की ताज्या दमाची अख्खी फळी अंगावर सोडायची. फायनलमध्ये इंग्लंड ३२-१२ ने हरलं. दमलेल्या खेळाडूंवर ताजे दांडगे सोडणं धोक्याचं आहे, अशी टीकाही झाली. ती अगदीच पोकळ नाही. पण नियमात ते बसत होतं.

नियमात न बसणारी गोष्ट त्याने २०२१ मध्ये केली. ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धची पहिली टेस्ट हरल्यावर रेफ्रीच्या चुका काढणारा ६२ मिनिटांचा त्याचा व्हिडिओ बाहेर आला. टीमने सिरीज २-१ ने जिंकली, पण त्याला दोन महिने रग्बीच्या सगळ्याच कामातून बाहेर काढलं आणि सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत मॅचच्या दिवशी टीमजवळ फिरकायला बंदी घातली. एका रेफ्रीला असं चारचौघांत उघडं पाडणं चूकच होतं.

आता परत २०२३ च्या फायनलकडे. तेव्हा हेड कोच होता त्याचा जुना सहकारी, मूळचा फिजिओथेरपिस्ट जॅक नीनाबर. एरास्मस डायरेक्टर ऑफ रग्बी होता. सुरुवातीलाच हूकर बोंगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला. तरी टीम १२-११ अशी एका पॉइंटने जिंकली. सगळे १२ पॉइंट हांद्रे पोलार्डच्या किकचे. जुगारामागे तयारीही होती. बाकावरचा क्वागा स्मिथ फॉरवर्ड असला तरी सेव्हन्स खेळलेला, वेळ पडली तर बॅकची जागा सांभाळेल असा.

२०२४ पासून एरास्मस पुन्हा हेड कोच आहे. २०२५ मध्ये त्याने आंद्रे एस्टरहायझनला सेंटर आणि फ्लँकर अशा दोन्ही जागी वापरलं. त्याच वर्षी न्यूझीलंडला त्यांच्याच वेलिंग्टनमध्ये ४३-१० ने हरवलं, न्यूझीलंडचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. पुढचा वर्ल्ड कप २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे. पुरुषांच्या रग्बीत सलग तीन वर्ल्ड कप अजून कुणालाच जिंकता आलेले नाहीत.