यासाई इतामे : घाईच्या भाजीची कुळकथा

पुण्याला जपान नवा नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. जपानी शिकणाऱ्यांचे वर्ग इथे वर्षानुवर्षं भरतात, आणि चाकणला ब्रिजस्टोनसारख्या जपानी कंपनीचा कारखाना उभा आहे. नात्याचा एक धागा तर शंभर वर्षांहून जुना आहे. टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली आणि आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं, ही कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली. १९१६ साली ते पुण्यात सुरू झालं. ज्या जपानी विद्यापीठावरून त्यांनी प्रेरणा घेतली, तिथे १९०१ मध्ये स्थापनेपासूनच गृहशास्त्राचा विभाग होता. कर्व्यांच्या अभ्यासक्रमातही गृहशास्त्राला जागा मिळाली.

गृहशास्त्राची आठवण काढायला कारण आहे. कोबी, गाजर, कांदा, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग मोठ्या आचेवर परतायचे, वरून सोया सॉस घालायचा, की पाच मिनिटांत पानात. या जपानी भाजीला यासाई इतामे म्हणतात, म्हणजे परतलेल्या भाज्या. पुण्यातल्या अनेक स्वयंपाकघरांत ती आता होऊ लागली आहे, आणि करणाऱ्याची समजूत अशी असते की हा जपानचा फार जुना पदार्थ असणार. तसं नाही. जपानी घरात ती खऱ्या अर्थाने रुजली दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि रुजली ती वर्गांमधून, पाककृतींच्या पुस्तकांमधून आणि दूरचित्रवाणीवरून.

जपानी पाकशास्त्रात स्वयंपाकाच्या पाच पद्धती परंपरेने सांगितल्या जातात : कच्चं कापून वाढणं, शिजवणं, भाजणं, वाफवणं आणि तळणं. परतणं त्यांत नाही. तेल महाग होतं, जपून वापरायचं होतं, आणि चवीचा सगळा भार समुद्री वनस्पती आणि सुकवलेल्या माशाच्या पाण्यावर होता. अपवाद होते. तिळाच्या तेलावर परतून सोया सॉस आणि साखरेत आटवलेल्या गोबो मुळाच्या काड्या, म्हणजे किनपिरा, हा एदो काळातला पदार्थ. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातल्या किनपिरा नावाच्या बलदंड वीरावरून त्याला नाव मिळालं. पण तो तोंडी लावण्यापुरता; ताटातली मुख्य भाजी नव्हे.

तेलात भाजी परतायची रीत आली चीनमधून, आणि तिचं एक दार मठाचं होतं. १६५४ साली इन्गेन नावाचे चिनी झेन भिक्खू नागासाकी बंदरात उतरले. वय साठीच्या पुढे. १६६१ मध्ये त्यांनी क्योतोजवळ उजी इथे मान्पुकुजी हा मठ स्थापला. तिथे फुचा नावाची शाकाहारी जेवणाची पद्धत सुरू झाली. एरवी जपानात प्रत्येकाचा स्वतंत्र चौरंग असायचा. इथे चौघं एका टेबलाभोवती बसून एकाच मोठ्या ताटातून वाढून घेत. तिळाचं तेल सढळ हाताने वापरलं जाई. या जेवणात उनपेन नावाचा एक पदार्थ आहे. भाज्या चिरताना उरलेले देठ, टोकं, तुकडे बारीक कापायचे, तेलावर परतायचे आणि कुझू या वेलीच्या मुळातल्या पिठाने रस दाट करायचा. काहीही वाया घालवायचं नाही, हा मठाचा नियम होता आणि उनपेन त्या नियमातून आलं. यासाई इतामेचा पूर्वज शोधायचा तर माझं बोट इथे थांबतं. ते अगदी थेट मूळ आहे असं नव्हे, पण उरलेल्या भाज्यांना तेल आणि आच देऊन पूर्ण पदार्थ करण्याची बुद्धी तीच आहे. जपानी लोक फरसबीच्या कुळातल्या घेवड्याला आजही या भिक्खूंच्याच नावाने ओळखतात.

दुसरं दार बंदराचं. १६८९ पासून नागासाकीतल्या चिनी व्यापाऱ्यांना एका कुंपणाआडच्या वस्तीत राहावं लागे. त्यांच्या स्वयंपाकाची वार्ता शहराला होती, देशाला नव्हती. एदो काळाच्या अखेरीस बंदरं खुली झाली, पुढे मेइजी काळात योकोहामा आणि कोबेमध्ये चिनी वस्त्या वाढल्या, आणि १८९९ साली परदेशी माणसांना ठरावीक वस्त्यांबाहेर राहायची मोकळीक मिळाली. त्याच साली नागासाकीत चिन हेइजुन या फूजियानहून आलेल्या माणसाने शिकाइरो हे उपाहारगृह काढलं. पैशाची चणचण असलेल्या चिनी विद्यार्थ्यांसाठी त्याने चानपोन तयार केलं : कोबी, मूग-उडदाचे मोड, डुकराचं मांस, मासळी जे असेल ते मोठ्या आचेवर परतायचं, त्यातच रस्सा आणि शेवया. शेवया काढून घेतल्या तर उरतं ते जवळपास यासाई इतामेच. १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन निघालं आणि चिनी शेवयांची गोडी राजधानीच्या सामान्य माणसाला लागली.

भाज्याही नव्या होत्या. कांदा आणि गोल कोबी जपानी शेतात खऱ्या अर्थाने आले ते मेइजी काळात. १८७० च्या दशकात होक्काइदोच्या साप्पोरोत अमेरिकी सल्लागारांच्या मदतीने कांद्याची लागवड सुरू झाली. चाकण आणि लासलगावच्या कांद्यावर वाढलेल्या आपल्याला हे नवल वाटेल, पण शिवाजी महाराजांच्या काळातल्या जपानी घरात आपल्यासारखा कांदा नव्हता. कोबी मात्र आपल्याकडेही युरोपीयांबरोबर आला, आणि ढोबळी मिरची तर दोन्ही देशांना अमेरिका खंडाची देणगी आहे.

या पदार्थाला घराघरात नेलं ते युद्धाने. १९४५ नंतर साठ लाखांहून अधिक जपानी माणसं चीन, मांचुरिया, कोरिया, तैवान अशा ठिकाणांहून परत आली. त्यांतल्या कित्येकांनी तिथली चव आणि कढई हाताळण्याची सवय बरोबर आणली, आणि गल्लीबोळात छोट्या चिनी खानावळी उभ्या राहिल्या. भात, मिसोचं सूप आणि परतलेल्या भाज्यांचं ताट ही त्यांची ठरलेली थाळी झाली. देश भुकेला होता, आहारात चरबी फार कमी होती. तेव्हा सरकार आणि आहारसंस्थांनी लोकांना तेल खायला शिकवायचं ठरवलं. १९५६ पासून अमेरिकी मदतीतून स्वयंपाकगाड्या खेडोपाडी फिरू लागल्या. गाडीतच शेगडी, कढई, आहारतज्ज्ञ. समोर बायका उभ्या राहून पाहायच्या. गहू आणि सोयाबीन खपवण्याचा अमेरिकेचा व्यापारी हेतू त्यामागे होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दिवसातून एकदा तरी तेलात परतलेलं काही खा, हा प्रचार जपानी ताट कायमचं बदलून गेला.

या काळातली मला सर्वांत आदराने आठवते ती व्यक्ती म्हणजे कागावा आया. त्या डॉक्टर होत्या, आहारशास्त्राच्या अभ्यासक होत्या. पाककृतीत 'अंदाजाने' लिहिलं की नवख्या मुलीला काही कळत नाही, हे त्यांना खटकायचं. १९४८ साली त्यांनी २०० मिलिलिटरचा कप, १५ मिलिलिटरचा मोठा चमचा आणि ५ मिलिलिटरचा छोटा चमचा अशी मापं तयार करून रुजवली. आजही जपानी पाककृती याच मापांत लिहिली जाते. आपल्याकडे हे काम कमलाबाई ओगल्यांनी १९७० सालच्या 'रुचिरा'त वाटी-चमच्यांतून केलं, आणि त्यामुळेच पहिल्यांदा बिऱ्हाड थाटलेल्या कित्येक मुलींचा स्वयंपाक सुरळीत झाला. १९५७ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर 'क्यो नो र्योरी' हा पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला. चीनच्या सिच्वान प्रांतातून १९५२ साली जपानला आलेले चेन केनमिन त्यात झळकले. सिच्वानी पदार्थातली लसणाची हिरवी पात जपानच्या बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी सरळ कोबी वापरला. परंपरेला चिकटून न राहता समोर जे मिळतं त्यात तंत्र जपायचं, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

कारण तीच रीत पुण्यात चालते. मोडांचंच बघा. जपानात बाजारात मिळणारे पांढरेशुभ्र लांब मोड मुख्यतः हिरव्या मुगाचे असतात, काही उडदाचेही. मूग आणि उडीद, दोन्ही कडधान्यांची मशागत पहिल्यांदा भारतात झाली. म्हणजे टोकियोतल्या कढईत जे परतलं जातं, त्याचं बी मूळचं इथलं. फरक मोड आणण्यात आहे. आपण मूग रात्रभर भिजवतो, फडक्यात बांधतो, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरापेक्षा लहान मोड आले की उसळ टाकतो. तो दाणाच असतो, त्याला नुसती शेपटी फुटलेली. जपानी मोड अंधारात आठवडाभर, वारंवार पाणी देत वाढवलेले असतात. दाण्याचा सत्त्वांश देठात उतरतो आणि ती कुरकुरीत भाजी होते. घरी हे जमतं. भिजवलेले मूग तळाला भोकं असलेल्या डब्यात पसरा, वर ओलं फडकं घाला आणि त्यावर ताटली ठेवून थोडं वजन ठेवा. दाबामुळे देठ जाड होतात. दिवसातून तीन-चारदा पाणी घालून निथळू द्या, उजेड लागू देऊ नका. पुण्याच्या हवेत चार-पाच दिवसांत दोन इंची देठ मिळतात. एवढा धीर नसेल तर आपले आखूड मोड तीन-चार मिनिटं वाफवून घ्या आणि मग कढईत टाका, नाहीतर बाकी भाज्या शिजतात आणि मूग टणक राहतात.

सोयाबीनही परकं नाही. १९३५ च्या सुमारास गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन आहारात घेण्याचे प्रयोग केले होते. पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली उभ्या केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, सोयाबीनचे वाण तयार झाले; एमएसीएस १४०७ हा त्यांतला एक. विदर्भ-मराठवाड्यात एवढं सोयाबीन पिकूनही त्याचं बहुतेक तेल आणि पेंडच होते, याची मला खंत वाटते. सोया सॉस म्हणजे सोयाबीन, गहू आणि मीठ कोजी बुरशीच्या मदतीने महिनोन्‌महिने आंबवणं; आपल्या राज्यात हे होऊ नये असं काही कारण दिसत नाही. आपल्याकडे मिळणारा काळा दाट सॉस चिनी धर्तीचा असतो, रंगासाठी त्यात कॅरामल घातलेलं असतं. जपानी सॉस पातळ, त्यात साधारण १६ टक्के मीठ, म्हणजे एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास. दोघांच्या भाजीला एक चमचा घातला की निराळ्या मिठाची गरज फारशी उरत नाही. तिळाच्या तेलाचंही तसंच. आपलं घाण्यावरचं तेल कच्च्या तिळाचं. जपानी तेल भाजलेल्या तिळाचं, खमंग. ते परतायला वापरू नका, गॅस बंद करताना अर्धा चमचा वरून सोडा.

आता तंत्र. आपली कोबीची भाजी आणि यासाई इतामे यांत खरा फरक झाकणाचा आहे. आपण फोडणी घालतो, भाजी टाकतो, झाकण ठेवून तिच्याच पाण्यात वाफवतो. इथे झाकण वर्ज्य. कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी उष्णता लागते. चौघांची भाजी एकदम कढईत ओतली की घरगुती गॅसला ती उष्णता पुरवणं जमत नाही. तळाचं तापमान शंभर अंशांवर अडकतं आणि भाजी उकडते. खमंगपणा १४० अंशांच्या पुढे येतो. म्हणून दोघांपुरतीच एका वेळी करावी. भाज्या धुऊन फडक्यावर अगदी कोरड्या कराव्यात. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी, मग तेल, मग कांदा आणि गाजर, अर्ध्या मिनिटाने कोबी आणि ढोबळी, शेवटी मोड. मीठ आधी घातलं तर ते भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं, म्हणून सॉस सर्वांत शेवटी, कढईच्या कडेवरून सोडावा. तापलेल्या लोखंडाला लागताच तो करपल्यासारखा चुरचुरतो आणि सगळ्या घरभर वास दरवळतो. तो वास आला की भाजी झाली.

आपली जाड बुडाची कढई यासाठी उत्तम आहे. पातळ चिनी कढईला मोठ्या भट्टीची धग लागते. आपली कढई उष्णता धरून ठेवते आणि घरच्या गॅसची उणीव भरून काढते. नवं भांडं विकत घ्यायची गरज नाही.

ही भाजी डब्यात नेऊ नका आणि रात्रीसाठी ठेवू नका. दहा मिनिटांत तिला पाणी सुटतं. भात वाढा, वरण वाढा, सगळ्यांना पाटावर बसवा आणि मगच गॅस पेटवा.