पहिला कळफलक

लेखणी कशी असावी ह्याविषयी आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ विचार केलेला आहे. बोरू कोणता निवडावा, तो किती तिरपा छाटावा, त्याला कत कशी द्यावी, ह्या गोष्टी मुलाला अक्षरओळखीबरोबरच शिकविल्या जात. कारण देवनागरीचे जाडबारीक वळण त्या कतेतूनच उतरते, हे त्यांस ठाऊक होते. आज त्या बोरूची जागा कळफलकाने घेतली आहे. परंतु मुलासाठी पहिला कळफलक घ्यावयाचा तर दुकानात किंमत, रंग आणि दिव्यांचा लखलखाट एवढेच पाहिले जाते. ही निवड वाटते तितकी क्षुल्लक नाही, हे आम्ही इतिहासाच्या आधाराने येथे दाखवू इच्छितो.

इंग्रजी टंकलेखनयंत्राची जन्मकथा सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी शोल्स व त्याचे सहकारी ह्यांनी १८६८ साली एका यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे १८७३ साली बंदुका करणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याने ते बनविण्याचे पत्करले. पहिल्या यंत्रावर केवळ मोठी अक्षरे उमटत. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात एकाच कळीवर दोन अक्षरे बसविण्याची युक्ती आली. १८८८ साली सिनसिनाटी येथे टंकलेखनाची एक स्पर्धा झाली. तीत मॅकगरिन नावाचा लघुलेखक कळांकडे न पाहता दाही बोटांनी लिहून विजयी झाला, आणि त्या पद्धतीचा बोलबाला झाला. बोटांना एकदा जागा पाठ झाल्या की मनुष्य त्या सोडीत नाही. १९३६ साली ड्वोरॅक ह्या प्राध्यापकाने अधिक सोयीची म्हणून नवी रचना पुढे आणली. तथापि जुन्या सवयीपुढे तिचा निभाव लागला नाही. पहिली निवड ही बहुधा अखेरचीच निवड ठरते, हा ह्या कथेचा बोध होय.

आता आपल्या लिपीकडे वळू. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे बावन्न व अंक दहा, मिळून ६२ चिन्हे झाली की काम भागते. मराठीत ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी संख्या ४०८ वर जाते, आणि जोडाक्षरे तर निराळीच. म्हणूनच आपल्याकडे छपाईला प्रारंभी शिळाछाप सोयीचा वाटला. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत छापलेले पंचांग शिळाछापाचेच होते. पुढे खिळ्यांची छपाई रुळली. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने तिला सौष्ठव आणले. पण जुळाऱ्यासमोरच्या पेट्यांतील शेकडो खाने काही कमी होईनात. केसरीसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा उद्योग लोकमान्य टिळकांनी केला, आणि सावरकरांनी अ च्या बाराखडीचा पुरस्कार केला, तो ह्याच अडचणीमुळे.

जुळाऱ्याला निदान हात लांब करून दूरचा खाना गाठता येई. टंकयंत्रावर मात्र कळा ४४ ते ४६ च. म्हणजे चिन्हे नव्वदीच्या आसपास. एवढ्या तोकड्या वस्त्रात देवनागरी बसविणाऱ्यांनी अक्षरांची फोड केली. ख, घ, थ, ध, भ, श ही अक्षरे अर्धी ठेवून पुढे काना जोडला की पूर्ण होतात; मग पूर्ण अक्षराला वेगळी कळ कशाला? काही चिन्हांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नाही, त्यामुळे अक्षर व चिन्ह एकाच जागी उमटते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी मारावयाची आणि अक्षर मागाहून. थोडक्यात, ह्या यंत्राने लिपी ऐकली नाही, पाहिली. तिच्या उच्चाराशी त्याला कर्तव्य नव्हते.

ह्या यंत्रास मराठी मुलुखात खरे महत्त्व आले ते स्वातंत्र्यानंतर. गोदरेज कारखान्याने १९५५ साली आपले पहिले टंकयंत्र बाजारात आणले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला, आणि कचेऱ्यांतून मराठी टंकलेखकांची गरज भासू लागली. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात ज्या पिढीने टंकलेखनाच्या वर्गांत खडखडाट करीत बोटे झिजविली, तिच्यातील कित्येकांच्या घरची चूल त्या प्रमाणपत्रावर पेटली. मिनिटाला मराठीचे तीस शब्द किंवा इंग्रजीचे चाळीस, ही लिपिक-टंकलेखकाच्या जागेची अट आमच्या तालुक्यातील मुलांना पाढ्यांसारखी पाठ असे. जांभूळसारख्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला गिरणी वा कारखाना ह्यांखेरीज आणखी एक दार त्या कळांनी उघडून दिले, हे विसरता कामा नये. गोदरेजनी ही यंत्रे करणे २००९ साली बंद केले, आणि पुढे शासकीय परीक्षाही संगणकावर गेली.

संगणकाने मात्र एक नवीच संधी दिली होती. अक्षर कागदावर उमटविण्याचे काम आता कळीचे राहिले नाही. कळीने केवळ वर्ण सांगावयाचा, आकार संगणकाने घडवावयाचा. ह्या तत्त्वावर भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय लिपींसाठी एक रचना सिद्ध केली. तिला इनस्क्रिप्ट म्हणतात. पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तिचा प्रसार केला. हीत स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ एकाच कळीवर वरखाली बसतात. 'धर्म' लिहावयाचा तर ध, र, हलन्त, म असा उच्चाराच्या क्रमाने. रफारासाठी स्वतंत्र कळ लागत नाही. पाणिनीच्या परंपरेने वर्णांची जी व्यवस्था लावली, ती येथे बोटांच्या टोकांशी आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

असे असूनही ड्वोरॅकच्या वाट्याला आले तेच इनस्क्रिप्टच्या वाट्याला येऊ पाहत आहे. जुने टंकलेखक रेमिंग्टनची रचना सोडीनात, आणि नवी पिढी रोमन अक्षरांत मराठी लिहून संगणकाकडून ती देवनागरीत उतरवून घेते. हा दुसरा मार्ग सोपा खरा. पण त्यात मराठी शब्द मनात आधी परक्या लिपीत उभा राहतो. न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ ह्यांचा निवाडा मुलगा न करता यंत्र करते. शुद्धलेखनाच्या ऱ्हासाविषयी शिक्षकवर्ग जो हळहळतो, त्याचे एक मूळ आम्हांस येथे दिसते.

मग घ्यावा कोणता? स्वस्त कळफलकांत कळांखाली रबराचा पडदा असतो. कळ तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर नक्की उमटत नाही, आणि बोट थकते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग व स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० नंतरच्या दशकात आणलेल्या स्विचमध्ये कळ सुमारे ४ मिलीमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेवरच नोंदले जाते. निळा स्विच टक् असा आवाज करतो, तपकिरी केवळ बोटाला खूण देतो, तांबडा निःशब्द सरळ उतरतो. आपल्याकडील कचेऱ्यांत व दुकानांत पुष्कळ दिसणारा टीव्हीएस गोल्ड हा निळ्या जातीचा. शिकाऊ हाताला खूण देणारी कळ हितकर, असे आमचे मत आहे. मात्र दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रात्री अभ्यास चालणार असेल तर तपकिरी बरा. किंमत अधिक पडते, पण उत्पादक कोट्यवधी दाबांची ग्वाही देतात, आणि एखादी कळटोपी झिजली तर तेवढीच बदलता येते.

तथापि स्विचपेक्षा रचना महत्त्वाची. रचना संगणकात असते. म्हणून कोणत्याही कळफलकावर इनस्क्रिप्ट चालते, आणि कळांवर देवनागरी अक्षरे नसल्यास चिकटविता येतात. तो घेतल्यावर मुलाकडून 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द लिहवून घ्यावे. पहिला समुद्र, दुसरा डोंगरातील. भेद फक्त र च्या रूपाचा. इनस्क्रिप्टमध्ये र च्याच कळीवर वरच्या अंगाला ऱ आहे, तसाच ल च्या कळीवर ळ. हा भेद बोटांनी ओळखला की डोळेही तो चुकत नाहीत.

लिपीची निवड ही किती जिव्हाळ्याची बाब असते हे आमच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. तेथे वसलेल्या सिंधी बांधवांपुढे अरबी वळणाची लिपी राखावी की देवनागरी स्वीकारावी, हा प्रश्न उभा राहिला. देवनागरीत लिहावयाचे तर सिंधीच्या खास चार ध्वनींसाठी अक्षरांखाली रेघ देऊन नवी चिन्हे करावी लागली. आपल्यापुढे तेवढे बिकट संकट नाही. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा शिलालेख आहे. छिन्नी, बोरू, खिळा आणि कळ ह्या चारही साधनांशी नागरीने जमवून घेतले आहे. चौथ्या साधनाची योग्य रचनाही आता तयार आहे. ती पहिल्या दिवसापासून मुलांच्या बोटांत बसविणे एवढेच आईबापांचे व शिक्षकांचे काम उरले आहे, आणि ते दहाव्या इयत्तेच्या सुटीत, रोज अर्धा तास देऊन, सहज होण्याजोगे आहे.