मोळीचा भाव

मागच्या व्याख्यानात आपण राजाने बांधून दिलेल्या भावांविषयी बोललो. कौटिलीय अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफा ठरवून दिलेला आहे: देशी मालावर शेकडा 5, परदेशी मालावर शेकडा 10. हिशेब सरळ आहे. खरेदीची किंमत धरा, तिच्यावर नफा चढवा. आज आपण असा विक्रेता घेऊ, की ज्याच्या हिशेबात खरेदीचा रकानाच कोरा आहे. जुन्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत डोंगरातून सरपणाची मोळी डोक्यावर आणून पेण, पनवेल, कर्जतच्या बाजारात विकणारी कातकरी बाई.

तिने भाव कसा ठरवायचा? गिऱ्हाईक पहिलंच वाक्य बोलतं, "रानातून फुकट तर आणलंस!" हे वाक्य साधं नाही. ज्या वस्तूला मुद्दल नाही तिला किंमत कशाची, असा पुरा युक्तिवाद त्यात आहे. पहाटेची चढण, काटक्या वेचणं, वेलाने बांधणं, चुंबळीवर ओझं घेऊन काही कोसांची पायपीट, हे सगळं त्या 'फुकट' शब्दात बुडून जातं. आम्ही तत्त्वज्ञानवाले 'मूल्य' या शब्दावर तास घालवतो. बाईला तेवढी सवड नसते. दिवस कलला की तिचा भाव उतरतो, कारण मोळी परत डोंगरावर नेता येत नाही, आणि घरचं मीठ-तांदूळ त्याच पैशांतून न्यायचं असतं. समोरचा वखारवाला मात्र थांबू शकतो. उन्हाळ्यात भरलेलं लाकूड तो पावसाळ्यात काढतो.

आता वजनाचं बघा. वखारीत लाकूड मणाने, खंडीने मिळायचं. पण मण कोणता? मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे साधारण 12.7 किलोचा, बंगाली मण 37 किलोंच्या पुढचा. 1956 च्या कायद्याने दशमान वजनं आली आणि हा घोळ हळूहळू मिटला. पण लाकडाच्या वजनातला खरा घोळ तराजूत नसतोच, तो पाण्यात असतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं; उन्हा-वाऱ्यात नीट वाळल्यावर ते पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे ओलं लाकूड वजनावर विकणारा पाणीही विकतो, आणि ते पाणी उडवण्यात चुलीची आच खर्ची पडते. मोळीवाली पडलेल्या, वाळक्या काटक्या आणते. हलक्या आणि चटकन पेटणाऱ्या. तिचा माल तराजूत घातला, तर त्याचा जो गुण तोच तोटा ठरतो. म्हणून मोळी नजरेने विकली जाई, आणि आमच्या मते त्यात अडाणीपणा नव्हता, शहाणपणच होतं. भाव वाढवायचा तर आकडा वाढवून वाद कशाला घालायचा? मोळी थोडी बारीक बांधायची. नेहमीच्या घरी, जिथे रोजचं गिऱ्हाईक बांधलेलं आहे, तिथे जाडजूड. अनोळखी दारात बेताची.

हे तिच्या हातात होतं. रान मात्र तिच्या हातातून गेलं. 1878 च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलं आखली. त्या वेळच्या वादात बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याची बाजू अशी, की रानातून लोक जे नेतात ते बहुतांशी हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे. हक्क आणि सवलत! एका शब्दाने केवढा फरक पडतो पाहा. सवलत देणारा ती काढूनही घेतो. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये फॉरेस्ट खात्यावर जो राग काढला, त्याचं मूळ इथे आहे. ठाणे-कुलाब्याकडच्या तक्रारी एवढ्या वाढल्या, की 1885 मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन-आयोग नेमावा लागला.

इथे थोडं दूर, जर्मनीत जाऊ या, कारण हाच प्रश्न तिथे फार उघडपणे पुढे आला. 1841 साली ऱ्हाईन प्रांताच्या सभेत लाकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली. गळून पडलेल्या फांद्या गोळा करणं हीसुद्धा चोरी धरायचं ठरत होतं. चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने 'ऱ्हाईनिशे त्साइटुंग'मध्ये त्यावर लेखमाला लिहिली. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्याला हा वाद एक कारण होता, असं त्याने पुढे 1859 मध्ये नोंदवलं. त्याची एक तक्रार आपल्या विषयाला थेट भिडते. चोरलेल्या लाकडाची किंमत कोण ठरवणार? वनमालकाच्या पगारातला राखणदार! आणि दंड त्या किमतीच्या पटींत, तोही मालकाच्याच खिशात.

म्हणजे एकाच मोळीला दोन भाव. बाजारात विकायला आणली की 'फुकटची', आणि रानात पकडली की मोलाची, तीही पटीने. आपल्याकडेही मोळीवालीला हा दुसरा भाव पहिल्यात धरावा लागे. रखवालदार भेटला तर काय द्यावं लागेल, कोयता जप्त झाला तर नवा कुठून आणायचा, हा सगळा धोका तिच्या मोळीत बांधलेला असे. त्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक मात्र तिला क्वचितच मिळालं असेल.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी आणि ते विकण्याचा अधिकार मान्य केला. त्या यादीत झुडपी लाकूड आणि बुंधे आहेत, इमारती लाकूड नाही. 2008 च्या नियमांत मात्र जंगलातली वाहतूक डोक्यावरचं ओझं, सायकल आणि हातगाडी एवढ्यावरच ठेवली होती. म्हणजे हक्क मिळाला, पण डोक्याला पेलेल तेवढाच! 2012 च्या दुरुस्तीने योग्य त्या वाहनाला मुभा मिळाली. तोवर बाजारपेठेतल्या घरांत गॅसचे सिलिंडर आले होते, आणि मोळीचं गिऱ्हाईक भट्ट्यांकडे, ढाब्यांकडे आणि स्मशानाकडे सरकलं होतं. तिथे लाकूड वजनावर घेतात.